मिक्सिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर?

व्हिडिओ एडिटिंग शिकू पाहणारा माणूस सहसा नाव घेऊनच प्रश्न विचारतो. ‘प्रीमियर शिकू की दा विंची?’ त्याला उलट विचारलं, की शूटिंग कशावर करतोस, कॉम्प्युटर कुठला आहे आणि तयार झालेला व्हिडिओ कोण, कशावर बघणार आहे, तर तो जरा हिरमुसतो. पण या तीन प्रश्नांची उत्तरं हातात आली की नाव बहुतेक वेळा आपोआप ठरतं. नाही आली, तर कितीही महागाचं सॉफ्टवेअर घ्या, दुसऱ्या आठवड्यात ते हँग होऊन बसतं आणि शिव्या सॉफ्टवेअरला पडतात.

आधी फाइल. मिनी डीव्ही कॅसेटच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, चित्र सेकंदाला २५ मेगाबिट या ठरलेल्या वेगानेच कॅसेटवर उतरायचं. सेकंदाला बरोबर २५ फ्रेम, तासाला साधारण १३ जीबी. कॅप्चर केलं की कापाकापी सुरू. आज एका हळदीच्या कार्यक्रमाचं फुटेज उघडून पाहा. मुख्य कॅमेऱ्याच्या फायली दहा बिटच्या एच.२६५, ड्रोनच्या वेगळ्या, नवरीच्या मामांच्या आयफोनमधल्या आणखी वेगळ्या, आणि वर कुणीतरी व्हॉट्सअॅपवरून पाठवलेले चार तुकडे, ज्यांची आधीच वाट लागलेली. हे सगळं एकाच टाइमलाइनवर गुण्यागोविंदाने नांदवायचं असतं.

यातली खरी गोम एच.२६५ मध्ये आहे. हा प्रकार जागा फार वाचवतो. आयफोनवर ४के, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण यात मिनिटाला सुमारे १७० एमबीत मावतं, जुन्या एच.२६४ मध्ये त्याला जवळजवळ दुप्पट जागा लागते. पण एच.२६४ असो की एच.२६५, मुळात जागा वाचते ती प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवता, आधीच्या-नंतरच्या फ्रेममधला फरक तेवढा साठवून. सरळ पुढे बघत गेलात तर काही बिघडत नाही. एडिटिंग करणारा मात्र सरळ बघतच नाही. तो मागे जातो, पुढे उडी मारतो, एका फ्रेमवर थांबतो. मधलीच एक फ्रेम दाखवायची तर कॉम्प्युटरला तिच्या शेजारपाजारच्या फ्रेम सोडवून बसावं लागतं. ‘व्हीएलसीत तर मस्त चालतो, मग टाइमलाइनवर का अडखळतो?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

उपाय नवा लॅपटॉप नाही, प्रॉक्सी आहे. सॉफ्टवेअर मूळ फायलींच्या हलक्या, कमी रिझोल्यूशनच्या प्रती करून देतं, आपण त्यांवर काम करायचं, आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फायली परत जागेवर येतात. ही सोय दा विंची रेझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आहे, प्रीमियरमध्ये आहे, फायनल कटमध्ये आहे, केडेनलाइव्ह आणि शॉटकटसारख्या पूर्ण मोफत सॉफ्टवेअरांतही आहे. तरी घरगुती वापरणाऱ्यांपैकी ती माहीत असलेले थोडेच भेटतात. नव्या मशिनवर पन्नास हजार घालण्याआधी एक संध्याकाळ प्रॉक्सी समजून घेण्यात घालवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलच्या फायलींचं दुसरं दुखणं ओठ आणि आवाज यांची फारकत. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपतोच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो वेग खालीवर करतो. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये हे कळतही नाही. दीड तासाच्या कीर्तनात मात्र शेवटी बुवांचा हात टाळावर पडतो आणि आवाज नंतर येतो. शॉटकट अशी फाइल आत घेतानाच टोकतं आणि एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का, असं विचारतं, केडेनलाइव्हही विचारतं. बाकी ठिकाणी आधी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटला आणून घ्यावी.

फ्रेमरेटचंही आत्ताच सांगून टाकतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवलं तर चित्र स्थिर राहतं, १/६० ठेवलं तर पट्टे सरकताना दिसू शकतात. कॅमेरा २५ वर, फोन मुळातच ३० वर, अशी मिसळ आपल्याकडे सर्रास होते. रेझॉल्व्हमध्ये एकदा काम सुरू केलं की प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही, हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. पहिली क्लिप आत ओढण्याआधी तो आकडा ठरवा.

मशीन घेताना दुकानदार ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवतो. ते चुकीचं नाही, पण पुरतं बरोबरही नाही. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांतल्या दहा बिट, ४:२:२ प्रकारच्या एच.२६५ फायली सोडवण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये मात्र चिपवरच्या साध्या ग्राफिक्समध्ये ती आहे. म्हणजे महागड्या कार्डाला जे जमत नाही ते काही वेळा प्रोसेसर गुपचूप करून टाकतो. म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर एडिटिंगसाठी घेऊ नये. तो थोडा स्वस्त पडतो, कारण त्यात हेच ग्राफिक्स नसतं. अॅपलच्या एम मालिकेच्या चिपना या फायली सहज पेलतात. साध्या मॅकबुक एअरवरही ४के काम होतं, ते याचमुळे.

आता नावं.

दा विंची रेझॉल्व्हपासून सुरुवात करायची, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या बाजाराचं गणित त्याने बदललं. दा विंची हे मुळात सिनेमाच्या रंगसंस्काराचं यंत्र, बड्या लॅबमध्येच दिसणारं. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि पुढे सॉफ्टवेअरची एक आवृत्ती चक्क फुकट वाटायला काढली. ब्लॅकमॅजिकचा धंदा कॅमेरे आणि यंत्रं विकण्याचा, त्यामुळे हे औदार्य त्यांना परवडतं. या फुकट आवृत्तीवर वॉटरमार्क नाही, मुदत नाही, ४के यूएचडीपर्यंत सेकंदाला ६० फ्रेमचं एक्सपोर्ट मिळतं, आवाजासाठी फेअरलाइट आणि इफेक्टसाठी फ्यूजन ही दोन्ही दालनं आतच आहेत. चित्रातला दाणेदारपणा काढणं, ४के यूएचडीच्या वरचं एक्सपोर्ट, एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डांचा वापर अशा गोष्टींसाठी २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती लागते. ती एकदाच घ्यायची. आजवर नव्या आवृत्त्यांसाठी कंपनीने जुन्या ग्राहकांकडून पुन्हा पैसे घेतलेले नाहीत. विंडोजवर मघाशी सांगितलेल्या दहा बिट फायलींना हार्डवेअरची पूर्ण मदतही स्टुडिओतच मिळते.

मग सगळ्यांनी तेच का वापरू नये? कारण ते जड आहे. कंपनी स्वतःच विंडोजसाठी १६ जीबी रॅम सांगते, फ्यूजन वापरायचं तर ३२. आठ जीबीच्या, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते उघडतं, पण त्याला काम करणं म्हणत नाहीत. लिनक्सवाल्यांसाठी आणखी एक खोच: तिथल्या फुकट आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाहीत, म्हणजे फोनचं जवळपास सगळंच फुटेज बाहेर राहिलं. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे तुकडे जोडायला बसलेल्या माणसाला फ्यूजनचं नोडचं जाळं दाखवलं तर तो पुन्हा कॉम्प्युटरपाशी येणार नाही. फ्यूजनचं पान उघडूच नये. कट आणि एडिट या दोन पानांवर घरगुती काम सगळं होतं.

अॅडोबीच्या प्रीमियरची गोष्ट वेगळी. ते १९९१ मध्ये मॅकवर आलं आणि आज जाहिरात, बातम्या, यूट्यूब कुठेही नोकरी मागायला गेलात तर त्याचं नाव निघतंच. फोटोशॉप आणि आफ्टर इफेक्ट्सशी त्याचं मेतकूट आहे, यूट्यूबवर हिंदी-मराठीत शिकवणारे ढिगाने आहेत. पण २०१३ पासून अॅडोबीने नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं की सॉफ्टवेअर बंद, आणि आपलेच जुने प्रोजेक्ट आपल्याला उघडता येत नाहीत. वर्षाला दोन बारशी आणि एक सहल कापणाऱ्याने हे भाडं का भरावं, मला कळत नाही. ज्याला एडिटिंगचीच नोकरी करायची आहे त्याने मात्र प्रीमियर शिकायलाच हवं. घरगुती वापरासाठी अॅडोबीचंच प्रीमियर एलिमेंट्स आहे. तेही २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांच्या मुदतीवरच मिळतं.

मॅकवाल्यांसाठी प्रश्न सोपा आहे. आयमूव्ही १९९९ पासून अॅपल देत आलं आहे आणि घरच्या कामाला ते पुरतं. त्यापुढे फायनल कट प्रो. गंमत म्हणजे प्रीमियर आणि फायनल कट या दोन्हींमागे मूळ माणूस एकच, रँडी उबिलोस. २०११ मध्ये अॅपलने फायनल कट मुळापासून बदललं तेव्हा व्यावसायिक एडिटरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. कित्येकांनी प्रीमियरची वाट धरली आणि काहींनी जुनं सोडलंच नाही. २०१९ चा ‘पॅरासाइट’, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट, तोवर केव्हाच बंद पडलेल्या फायनल कट ७ वर कापलेला होता. नव्या आवृत्तीमागे धावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी खिशाला बरं.

चांगल्या सॉफ्टवेअरांच्या इंग्रजी याद्यांमध्ये शेवटी कुठेतरी सापडणारं, पण आपल्या तालुक्या-तालुक्यांत खरं राज्य केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एडियस. लग्नाच्या धंद्यात एडिटिंग म्हणत नाहीत, मिक्सिंग म्हणतात, आणि मिक्सिंग म्हटलं की एडियस, अशी वर्षानुवर्षांची सवय आहे. हे मूळचं जपानच्या कॅनोपसचं, आता ग्रास व्हॅलीचं. कॅनोपसची कॅप्चर कार्डं डीव्हीच्या काळात इथे जोरात चालली आणि त्यांच्या पाठोपाठ एडियस घरोघरी शिरलं. ते टिकलं त्याला कारणही रोकडं आहे: बेताच्या मशिनवर, वेगवेगळ्या प्रकारच्या फायली एकाच टाइमलाइनवर टाकून, रेंडरची वाट न बघता ते काम करू देतं. लग्नसराईत एकामागून एक लग्नं हातावेगळी करायची असतात, तेव्हा टाइमलाइनवर रेंडर मागणारी लाल पट्टी न दिसणं हीच मोठी चैन. शिवाय गाण्यांवर आधीच बसवलेले तयार ‘प्रोजेक्ट’ बाजारात मिळतात. नवरा-नवरीच्या क्लिप रिकाम्या चौकटींत टाकल्या की गाणं तयार. कलाकार मंडळी यावर नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. ज्याला आज रात्री पेनड्राइव्ह द्यायचा आहे त्याला त्याची किंमत कळते. पण रंगाच्या कामात आणि सिनेमाच्या ढंगाच्या टीझरमध्ये रेझॉल्व्ह आता पुढे आहे, आणि नव्याने धंद्यात येणाऱ्या पोरापोरींनी एडियसपासून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. पाच-सात जणांच्या स्टुडिओत सगळ्यांचा हात त्यावर बसलेला असेल, तर बदलायची घाईही नको.

मुक्त सॉफ्टवेअरांपैकी दोन खरोखर कामाची. केडेनलाइव्ह २००२ पासून चालत आलेलं आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतं. शॉटकट त्याहून साधं. दोघांच्या आत इंजिन एकच, एमएलटी नावाचं. आवाजाच्या लहरी जुळवून दोन कॅमेरे एका ओळीत आणण्याचं काम दोघंही करतात. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी डोळे मिटून शॉटकट सुचवतो. कधीमधी बंद पडतात, हे खरं; दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावून घ्यावी. ओपनशॉटचं नाव बरेच घेतात, पण लांब कामात ते या दोघांइतकं भरवशाचं नाही.

उरलेल्या घरगुती सॉफ्टवेअरांबद्दल, म्हणजे फिल्मोरा, पॉवरडायरेक्टर, पिनॅकल यांच्याबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. शिकायला सोपी आहेत, स्टिकर आणि तयार टायटल भरपूर. फिल्मोराचा ‘फ्री’ शब्द तेवढा जपून वाचावा: रात्रभर बसून आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म कापायची, आणि एक्सपोर्टच्या बटनावर गेल्यावर कळायचं की वॉटरमार्क काढायला पैसे पडतात. कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की दहा सेकंदांची क्लिप टाकून आधी एक्सपोर्ट करून पाहावं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं क्लिपचॅम्प आहे. त्याची फुकट आवृत्ती १०८०पी पर्यंत वॉटरमार्कशिवाय देते. साध्या कामाला तेवढं पुष्कळ.

रीलचं जग फोनवरच असतं. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओसारखं एडिटिंगचं अॅपही होतं. कॅपकटही आपल्याकडे मिळत नाही; आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या आपल्या नातलगांनी त्याचं टेम्प्लेट पाठवलं तर इथे त्याचा उपयोग नाही. काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन यांच्यावर इथलं काम चालतं, आणि २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने स्वतःचं एडिट्स हे अॅप आणलं. बैलगाडा शर्यतीचा तीस सेकंदांचा उभा व्हिडिओ टाकायचा तर फोन पुरे, लॅपटॉप उघडायचीही गरज नाही. अर्ध्या तासाची शर्यत, तीन कॅमेरे आणि समालोचनाचा वेगळा आवाज असेल, तर मात्र फोनवर जीव काढून घेऊ नये.

आता आपल्या वाचकासाठी सगळ्यांत महत्त्वाची, आणि परदेशी परीक्षणांत कधीच न सापडणारी कसोटी: देवनागरी. टायटलच्या खिडकीत ‘शर्मिष्ठा’ आणि ‘वऱ्हाड’ हे दोन शब्द टाइप करा. पहिल्यात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर, दुसऱ्यात आपला खास अर्धा र. सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नसेल तर वेलांटी ‘म’च्या मागे जाऊन बसते, ‘ष’चा पाय मोडतो आणि पडद्यावर लग्नाच्या घरचं नाव भलतंच होऊन झळकतं. प्रीमियरमध्ये असं झालं तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली मजकुराचं इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. एवढ्याने बहुतेक दुरुस्त होतं. रेझॉल्व्हमध्ये टायटलची दोन वेगळी साधनं आहेत, टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस; एकात अक्षर तुटलं तर दुसऱ्यात करून पाहावं. केडेनलाइव्हचं टायटलर देवनागरी नीट जोडतं, या बाबतीत फुकटातलं सॉफ्टवेअर महागाच्या पुढे आहे.

जुने मिक्सिंगवाले यातून वेगळ्या वाटेने सुटले होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. सॉफ्टवेअरला वाटतं आपण इंग्रजीच दाखवतोय, त्यामुळे ते काही मोडत नाही. पण तोच प्रोजेक्ट फाँट नसलेल्या मशिनवर उघडला की वधूपित्याच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आता युनिकोडच वापरावं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट मोफत आहेत आणि मोठ्या टायटलला शोभतात. कुठलंच साधन ऐकत नसेल तर इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करा आणि ती क्लिपवर ठेवा. हा उपाय कधी फसत नाही. एक पथ्य पाळा: एकेक अक्षर टपटप उमटवणारे तयार टायटल इफेक्ट इंग्रजीसाठी बनवलेले असतात. देवनागरीला लावले की शिरोरेषा तुटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तेच. अख्खा शब्द एकदम सरकवणारा किंवा उजळवणारा इफेक्ट घ्या.

मराठी सबटायटलसाठी व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहून देणारं मॉडेल उपयोगी पडतं. त्याला मराठी येतं, आणि केडेनलाइव्ह किंवा सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरांतून ते घरच्या मशिनवर चालवता येतं. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणं समोर आलं की त्याची भंबेरी उडते. दुरुस्तीला वेळ लागतो, पण कोऱ्या पानावरून टाइप करण्यापेक्षा कमी.

क्रॅकबद्दल. पेनड्राइव्हवरून मिळणारं ‘फुल व्हर्जन’ आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचं पाहा: क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशिनवर ग्राहकाच्या लग्नाचं एकुलतं एक फुटेज असतं. रेझॉल्व्ह फुकट मिळत असताना ही जोखीम घ्यायला आता काही सबब उरलेली नाही.

साठवणुकीबद्दलही एक गैरसमज फार पाहायला मिळतो. प्रोजेक्टची फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. तिच्यात फक्त कुठली क्लिप कुठून कुठवर कापली याची नोंद असते. विंडोज मूव्ही मेकरच्या काळात कितीतरी जणांनी काही केबींच्या डब्ल्यूएलएमपी, म्हणजे प्रोजेक्टच्या, फायली सीडीवर जपून ठेवल्या. मूळ क्लिप नंतर उडवल्या, आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर देणंही बंद केलं. त्या सीडीवर आज काहीच नाही. तेव्हा मूळ फुटेज आणि पूर्ण तयार फाइल, दोन्ही, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या. सॉफ्टवेअर कुठलंही असो, दहा वर्षांनी ते आजच्यासारखं उघडेलच असं धरू नये.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम माझ्या मते असा: आधी हजार-बाराशे रुपयांचा कॉलर माइक, मग १ टीबीची एसएसडी, मग रॅम, आणि सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी. रेझॉल्व्ह स्टुडिओचे २९५ डॉलर तेव्हाच भरा, जेव्हा फुकट आवृत्तीत अडलेलं नेमकं एक काम तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल.